जुनी आउटबोर्ड मोटर: रिकामी छान फिरते, भार आला की दम सोडते

छोट्या, वापरलेल्या आउटबोर्ड मोटरीची (होडीच्या मागच्या फळीवर टांगायच्या इंजिनाची) तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीने येते. दोरी ओढली की सुरू होते, आयडलिंग चांगलं, हळू चालवताना काही जाणवत नाही. थ्रॉटल पूर्ण उघडला की थोडा वेळ ओढते आणि मग बसते. कार्ब्युरेटर खोलून साफ केला जातो, मोटर काही दिवस नीट चालते, आणि पुन्हा तेच. मग पुन्हा कार्ब्युरेटर.

तीच साफसफाई दुसऱ्यांदा करायची वेळ आली तर थांबा. एक तर घाण कुठून तरी सतत येते आहे आणि ती जागा तशीच राहिली आहे, किंवा कार्ब्युरेटर मुळात तुंबलेलाच नव्हता. दुसरी शक्यता वाटते त्यापेक्षा जास्त वेळा खरी निघते. कार्ब्युरेटर काढताना पेट्रोलची नळी काढून परत घट्ट बसवली जाते, कनेक्टर पुसला जातो, टाकीत ताजं पेट्रोल पडतं, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडला जातो. मोटर सुधारते ती यांतल्या एखाद्या गोष्टीमुळे, आणि श्रेय जेटला, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकाच्या तुकड्याला, जातं.

आधी आरपीएम, मग पाना

"मोटर ओढत नाही" या एका वाक्यात दोन अगदी वेगळे दोष लपलेले असतात: इंजिन फिरत नाही, किंवा इंजिन फिरतं पण होडी चालत नाही. हे कानाने ठरवू नका. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर लावा; तो आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, मोजतो. त्याच्या सेटिंगमध्ये दर फेऱ्याला किती ठिणग्या पडतात हे बरोबर निवडावं लागतं. टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला एक ठिणगी असते. बऱ्याच छोट्या फोर-स्ट्रोक मोटरींतही एकच असते, कारण एक्झॉस्टच्या वेळीही त्या एक वाया जाणारी ठिणगी टाकतात. इथे चुकलात तर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसेल.

पूर्ण थ्रॉटलला किती आरपीएम यायला हवेत हे मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. छोट्या मोटरींत ते साधारण ४५०० ते ६००० च्या दरम्यान कुठेतरी असतं. चाचणी होडीवर, मोकळ्या पाण्यात, नेहमीचं वजन घेऊन करा. पाण्याच्या पिंपात मोटर चालवून भाराखालचा दोष कधीच सापडत नाही. पिंपातलं पाणी पंख्याबरोबर (प्रोपेलरबरोबर) गोल फिरायला लागतं, त्यात हवा मिसळते, पंख्याला भार मिळत नाही, आणि पिंप बंद जागेत असेल तर इंजिन स्वतःचाच धूर ओढत बसतं. पिंपात गोड वाजलेली मोटर पाण्यात गेल्यावर पुन्हा रडते ती यामुळेच.

चाचणीला दोघं जा. एकाने फक्त सुकाणू आणि समोरचं पाणी पाहायचं, दुसऱ्याने मोटर. इंजिन बंद करण्याची दोरी सुकाणू धरणाऱ्याच्या मनगटाला.

आरपीएम येतात, होडी मात्र चालत नाही

हे आधी तपासा, कारण त्याला फारसा वेळ लागत नाही आणि यात इंजिनाला हात लावायची गरज नसते.

बऱ्याच पंख्यांच्या मधल्या भागात रबराचा बुश असतो. पंखा कशावर आदळला तर गिअर वाचावेत म्हणून तो घसरतो. जुना बुश नुसत्या भारानेही घसरायला लागतो: हळू चालवताना काही नाही, थ्रॉटल वाढवला की इंजिन ओरडतं आणि होडी जागच्या जागी. आतल्या तुकड्यावरून बाहेरच्या तुकड्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि एक फेरी मारून या. रेघ तुटलेली दिसली की निदान झालं. पंख्याला हात लावण्याआधी बंद करण्याची दोरी काढा आणि प्लगच्या वायरीही काढून ठेवा.

आरपीएम मधूनच उसळी घेत असतील, विशेषतः वळताना किंवा लाटेत, तर पंखा वरून हवा ओढतो आहे. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली असायला हवी. वापरलेल्या मोटरीत शाफ्टची लांबी इथे घात करते. आखूड शाफ्टची मोटर साधारण १५ इंच उंचीच्या मागच्या फळीसाठी असते आणि लांब शाफ्टची २० इंचांसाठी. आखूड मोटर उंच फळीवर टांगली तर ती कायम हवा खाणार. उलट केलं तर मोटरीचा पाय खोल पाण्यात नुसता अडथळा होऊन बसतो.

आणि कधी कधी मोटरीत काहीच दोष नसतो. पाणी कापत जाणारी, म्हणजे वर उचलून सरकू न शकणारी होडी एका ठराविक वेगापुढे जात नाही. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा. तो वेग नॉटमध्ये येतो. दहा फुटांच्या रेषेला हे उत्तर ४.२ नॉट, म्हणजे तासाला ८ किलोमीटरपेक्षा थोडं कमी. या होडीला ४ हॉर्सपॉवरऐवजी ६ लावले तरी मागचा भाग आणखी खाली बसेल आणि लाट मोठी होईल, वेग फारसा वाढणार नाही. तळावर शेवाळ किंवा शिंपले धरले असतील तर हा वेगही मिळत नाही. तळ खरवडल्याशिवाय मोटरीला बोल लावू नये.

आरपीएमच येत नाहीत: आधी वेळ पाहा

खरा शोध इथे सुरू होतो, आणि या टप्प्यावर एकच प्रश्न बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा जास्त सांगून जातो. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मोटर लगेच कमी पडते, की आधी पूर्ण वेगाला जाऊन मग बसते?

हिशोब करून पाहा. ५ हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण थ्रॉटलला तासाला साधारण २ लिटर पेट्रोल पिते, म्हणजे मिनिटाला तेहतीस मिलीलिटरच्या आसपास. कार्ब्युरेटरच्या वाटीत (तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या कपात) असतं फक्त दहा-वीस मिलीलिटर पेट्रोल. टाकीकडून येणारा पुरवठा कमी पडत असेल तर मोटर वाटीतल्या साठ्यावर अर्धा मिनिट, मिनिटभर जोरात चालेल, साठा संपला की बसेल. थ्रॉटल कमी केला की वाटी परत भरते आणि मोटर पुन्हा शहाण्यासारखी वागते. हे चक्र दिसलं तर मुख्य जेट निर्दोष आहे. जेट तुंबला असता तर पहिल्या सेकंदालाही पूर्ण वेग आला नसता. कार्ब्युरेटर बंदच राहू द्या आणि मागे, टाकीकडे चला.

उलट मोटर सुरुवातीपासूनच वेग पकडत नसेल, तर जेट, ठिणगी, थ्रॉटलची कांडी, कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) किंवा चुकीचा पंखा यांच्याकडे पाहायचं.

बाहेरची टाकी असलेल्या मोटरीत नळीवरचा रबरी फुगा खूप काही सांगतो. मोटर बसत असतानाच त्याला हात लावून पाहा. फुगा आत चेपलेला, चपटा असेल तर अडथळा फुग्याच्या आधी आहे: टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद, टाकीतल्या नळीच्या टोकाची जाळी तुंबलेली, किंवा नळीला पीळ. फुगा टणक असेल आणि तरी मोटर उपाशी असेल तर अडथळा पुढे आहे: मोटरीवरचा कनेक्टर, फिल्टर, पंप, किंवा वाटीच्या तोंडावरची सुई. फुगा मऊ असेल आणि दाबत राहिल्यावर मोटर जिवंत होत असेल तर पंप अशक्त आहे किंवा कुठून तरी हवा आत शिरते आहे.

ही हवेची गळती लोकांना फार छळते, कारण ती दिसत नाही. पंप नळीतून पेट्रोल ओढतो तेव्हा नळीत बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. सैल क्लॅम्पमधून किंवा कनेक्टरच्या झिजलेल्या ओ-रिंगमधून हवा आत जाते, पेट्रोल मात्र थेंबभरही बाहेर येत नाही. सगळं कोरडं दिसतं म्हणून सगळं ठीक वाटतं. मोटरीच्या आधी पारदर्शक, पेट्रोल सहन करणाऱ्या नळीचा वीतभर तुकडा तात्पुरता जोडा. पूर्ण थ्रॉटलला त्यातून बुडबुड्यांची रांग जाताना दिसली तर शोध संपला. कनेक्टरची ओ-रिंग बदला, क्लॅम्प नवे घाला.

दुसरा न दिसणारा दोष नळीच्या आत असतो. जुन्या नळीचं आतलं अस्तर बाहेरच्या रबरापासून सुटतं. बाहेरून नळी नव्यासारखी दिसते, फुंकर मारली तर हवा आरपार जाते, पण ओढ लागली की अस्तर आत मिटतं. शिवाय त्याच्या कपच्या सुटतात आणि थेट कार्ब्युरेटरमध्ये जातात. जेटमध्ये पुन्हा पुन्हा काळे किंवा तपकिरी बारीक तुकडे सापडत असतील तर ते इथले. अशा नळीवर पुढे कितीही फिल्टर लावले तरी तेच तुंबत राहतील. नळी आणि फुगा एकत्रच बदला. फुग्यावरचा बाण मोटरीकडे.

इतकं सगळं एकेक तपासायचा धीर नसेल तर एक चाचणी निम्मं काम करते: उसनी आणलेली, चांगली चालणारी टाकी, तिच्याच नळी-फुग्यासह, त्यात ताजं पेट्रोल. टू-स्ट्रोक असेल तर तेल योग्य प्रमाणात. मोटर सुधारली तर दोष तुमच्या टाकीत, नळीत किंवा पेट्रोलमध्ये. नाही सुधारली तर कव्हरच्या आत. माझ्या मते वापरलेली मोटर घेतल्यावर पहिल्याच दिवशी ही चाचणी करावी, कारण विकणाऱ्याची टाकी किती वर्षं तशीच पडून होती हे कुणालाच माहीत नसतं. ज्या छोट्या मोटरींची टाकी डोक्यावरच असते त्यांत फुगा नसतो. तिथे झाकणातलं हवेचं छिद्र आणि पेट्रोलच्या कॉकमधली जाळी पाहा.

कव्हरच्या आतला पेट्रोलपंप बहुतेक पातळ पडद्याचा असतो. बऱ्याच मोटरींत, टू-स्ट्रोकमध्ये विशेषतः, तो पडदा क्रँककेसमधल्या (सिलेंडरखालच्या बंद पोकळीतल्या) दाबाच्या हेलकाव्यांवर हलतो. पडदा ताठ झाला किंवा त्याला बारीक चीर गेली की आयडलिंगपुरतं पेट्रोल मिळतं, पूर्ण थ्रॉटलपुरतं मिळत नाही. दुरुस्तीचा किट घालणं अर्ध्या तासाचं काम आहे. पडद्यांचा आणि गॅस्केटचा क्रम उघडतानाच फोटो काढून ठेवा.

पाणी

वाटीच्या तळाचा स्क्रू उघडून आतलं सगळं एका स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं तशीच ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा गोल थेंब फिरताना दिसले तर ते पाणी. १० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल लिटरमागे सुमारे ५ मिलीलिटर पाणी सामावून घेतं. त्यापेक्षा जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. टाकीतली नळी तळातूनच ओढते. असं पेट्रोल वाचवायचा प्रयत्न करू नका. टाकी पूर्ण रिकामी करा, धुवा, वाळवा. वरचं स्वच्छ दिसणारं पेट्रोल काढून वापरलं तरी त्यातलं इथेनॉल निघून गेलेलं असतं, म्हणून त्याचा ऑक्टेन आकडाही उतरलेला असतो.

आता कार्ब्युरेटर, आणि नीट

गरम मोटर भाराखाली बसत असताना चोक क्षणभर अर्धा ओढून पाहा. मोटर सावरली तर तिला पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडली तर पेट्रोल पुरेसं आहे किंवा जास्त आहे, आणि दोष दुसरीकडे.

पुरवठा ठीक असूनही मोटर पेट्रोलला तहानलेली असेल तरच कार्ब्युरेटर काढायचा. आयडलिंगला लटपटते, थ्रॉटल उघडताना खोकून बंद पडते, ही पायलट जेटची (आयडलिंगचं पेट्रोल देणाऱ्या जेटची) लक्षणं. आयडलिंग उत्तम पण वरच्या टप्प्यात ताकद नाही, हे मुख्य जेटचं. वरवर स्प्रे मारून भागत नाही. जेट काढायचे, मुख्य जेटच्या वरची बारीक भोकांची नळी काढायची, आणि प्रत्येक वाटेतून स्प्रे एका बाजूने मारला की दुसऱ्या बाजूने बाहेर येतो हे डोळ्यांनी पाहायचं. भोकात तार घालू नका. पितळ मऊ असतं, आणि जेटचं भोक किंचित जरी मोठं झालं तरी तो जेट कायमचा गेला. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हळूच आत बसेपर्यंत किती वळसे जातो ते मोजून लिहून ठेवा. पूर्ण थ्रॉटलचा दोष हा स्क्रू फिरवून कधीच जात नाही. तो आयडलिंगसाठी आहे.

जेटवरचा क्रमांकही वाचा. बऱ्याच कंपन्यांच्या ४, ५ आणि ६ हॉर्सपॉवरच्या मॉडेलांत इंजिन तेच असतं. फरक कार्ब्युरेटर, जेट किंवा हवेच्या वाटेतल्या अडथळ्याचा असतो. कव्हरवर ६ लिहिलेलं आणि आत ४ चा कार्ब्युरेटर, असं वापरलेल्या मोटरीत होऊ शकतं. कव्हर एका मोटरीचं, इंजिन दुसरीचं. इंजिनवरच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक खरा मानायचा, कव्हरवरचं स्टिकर नाही.

पंख्याचंही तसंच. आधीच्या मालकाने जास्त पिचचा (एका फेऱ्यात जास्त पुढे सरकणारा) पंखा लावला असेल तर मोटर पूर्ण आरपीएमला पोहोचणारच नाही, आणि लक्षणं हुबेहूब अशक्त इंजिनासारखी दिसतील. पिच एक इंचाने कमी केला की आरपीएम साधारण १५० ते २०० ने वाढतात. आकडा पंख्यावर कोरलेला असतो. मॅन्युअलशी ताडून पाहा.

थ्रॉटल खरंच पूर्ण उघडतो का?

इंजिन बंद करून हँडल पूर्ण फिरवा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून आत बघा. आतली झडप हवेच्या वाटेला समांतर, म्हणजे पूर्ण उघडी व्हायला हवी. ताणलेली केबल, झिजलेला प्लास्टिकचा सांधा, उलटी बसलेली कांडी, यांमुळे ती तीन-चतुर्थांशावर अडते. हे पाहताना मोटर गिअरमध्ये हवी, कारण बऱ्याच मोटरींत न्यूट्रलला थ्रॉटल मुद्दाम रोखलेला असतो. कित्येक जुन्या टू-स्ट्रोकमध्ये थ्रॉटलबरोबर फ्लायव्हीलखालची प्लेटही फिरते आणि ठिणगी लवकर पडू लागते. ती प्लेट गंजून अडकली तर झडप पूर्ण उघडूनही इंजिन मंद राहतं. हाताने फिरवून पाहा, सैल फिरली पाहिजे.

ठिणगी

दोन सिलेंडरच्या मोटरीत एक सिलेंडर मेला तर ती आयडलिंगला जेमतेम चालते आणि भाराखाली निम्म्याहून कमी ताकद देते. थोडं चालवून बंद करा आणि प्लग काढा: एक कोरडा, तपकिरी आणि दुसरा ओला, काळा असेल तर ओल्या बाजूला ठिणगी नाही. प्लग आलटून-पालटून लावा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग. जागेवरच राहिला तर कॉइल, टोपी किंवा वायर. चालत्या मोटरीच्या प्लगची वायर उपसून तपासायची जुनी सवय इलेक्ट्रॉनिक इग्निशनला महाग पडते. ठिणगीला जायला वाट मिळाली नाही तर कॉइल किंवा सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतं, आणि पेट्रोलच्या वाफेजवळ उघडी ठिणगी कुणालाच नको. ठिणगी तपासायचं छोटं उपकरण लावा.

गार असताना उत्तम आणि अर्ध्या तासाने मिस मारणं, पुन्हा गार झाल्यावर ठीक, हे तापल्यावर तुटणाऱ्या कॉइलचं लक्षण आहे. टाकीतली निर्वात पोकळीही असंच करते. म्हणून मोटर बसल्याबरोबर टाकीचं झाकण सैल करा. हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि मोटर सावरली तर कॉइल विकत आणू नका.

कव्हर, पाणी, उष्णता

कव्हर काढून पूर्ण थ्रॉटल देऊन पाहा, फिरत्या फ्लायव्हीलपासून हात, कपडे, केस लांब ठेवून. कव्हर काढताच मोटर मोकळी होत असेल तर आत एक्झॉस्ट गळतो आहे आणि इंजिन धूर ओढतं आहे. गॅस्केटजवळ काळे डाग शोधा.

थंड करणाऱ्या पाण्याची बाहेर पडणारी धार बारीक झाली असेल तर आधी त्या भोकात नायलॉनची दोरी घालून पाहा; बरेचदा फक्त तेवढंच तुंबलेलं असतं. तरीही धार सुधारली नाही तर इंपेलर, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चाक. वापरलेल्या मोटरीचा इंपेलर मी न विचारता बदलतो. कोरडी मोटर काही सेकंद चालवली तरी त्याची रबरी पाती जळतात, आणि आधी कुणी तसं केलं असेल ते बाहेरून दिसत नाही. बऱ्याच फोर-स्ट्रोक मोटरी तापल्या किंवा ऑइलचा दाब पडला की स्वतःच वेग रोखतात. मोटर अचानक एका ठराविक आरपीएमवर अडकली आणि त्यापुढे हलतच नसेल तर लगेच थ्रॉटल कमी करा, धार आणि ऑइल पाहा.

कॉम्प्रेशन

हे सगळं ठीक निघालं तर कॉम्प्रेशन मोजा. मोटर गरम, सगळे प्लग बाहेर, वायरी अर्थ केलेल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा. एकट्या आकड्यापेक्षा सिलेंडरांमधला फरक जास्त बोलतो. १० ते १५ टक्क्यांहून जास्त फरक चांगला नाही. कमी आलेल्या सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर हेड गॅस्केट किंवा फोर-स्ट्रोकमध्ये वॉल्व्ह. बऱ्याच छोट्या फोर-स्ट्रोकमध्ये दोरी ओढायला सोपी जावी म्हणून सुरू होताना दाब सोडणारी यंत्रणा असते. त्यांत गेज मुळातच कमी दाखवतं, म्हणून घाबरून इंजिन उघडू नका. अशा मोटरीत आधी वॉल्व्हची फट मोजा आणि मग सिलेंडरमध्ये दाबाची हवा भरून ती कुठून गळते ते ऐका: कार्ब्युरेटरमधून फुसफुसली तर इनटेक वॉल्व्ह, एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, ऑइल भरायच्या भोकातून आली तर रिंगा.

टू-स्ट्रोकमध्ये कॉम्प्रेशन उत्तम, कार्ब्युरेटर स्वच्छ, नळी नवी, आणि तरी चोक अर्धा ओढल्याशिवाय मोटर चालत नसेल तर क्रँकशाफ्टचं सील किंवा रीड वॉल्व्ह (क्रँककेसच्या तोंडावरची पातळ पट्टीची झडप) उरतात. सील झिजलं की क्रँककेसमध्ये बाहेरची हवा शिरते आणि मिश्रण पातळ होतं. अशा मोटरीला मोठा जेट लावून चालवणारे आहेत. तसं करू नका: पातळ मिश्रणात पेट्रोलबरोबर तेलही कमी पोहोचतं, आणि पिस्टन पूर्ण थ्रॉटललाच चिकटतो. क्रँककेसची प्रेशर टेस्ट करून घ्या आणि सील बदलेपर्यंत ती मोटर पाण्यात नेऊ नका.